प्रथिनांचा प्रश्न : देवराज मोहल्ल्यातील एका संस्थेच्या निमित्ताने

म्हैसूर शहरातील देवराज मोहल्ला सर्वसामान्य प्रवाशाच्या स्मरणात राहतो तो तेथील बाजारामुळे. परंतु याच मोहल्ल्याच्या पत्त्यावर, रेल्वे संग्रहालयासमोर, चेलुवांबा मॅन्शन या नावाची जी राजेशाही इमारत उभी आहे, तिचा भारतीय माणसाच्या ताटाशी असलेला संबंध त्या बाजारापेक्षाही खोल आहे. संस्थानी अमदानीत राजघराण्यातील एका राजकन्येसाठी बांधलेली ही वास्तू स्वातंत्र्यानंतर अन्नसंशोधनाकडे सुपूर्द झाली, आणि २१ ऑक्टोबर १९५० रोजी तेथे केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेचा कारभार रीतसर सुरू झाला. पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांच्यापुढे धान्याच्या साठवणीपासून फळांच्या टिकाऊपणापर्यंत अनेक बाबी होत्या. पण त्या सर्वांहून जटिल ठरलेला, आणि पुढे तीन दशके देशोदेशींच्या शास्त्रज्ञांत मतभेदाचे कारण झालेला प्रश्न एकच होता : गरिबाच्या आहारात प्रथिने पुरतात काय, आणि पुरत नसतील तर ती पुरवावयाची कशी?

या प्रश्नाचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवत आली आहे. जेव्हा जेव्हा तो केवळ ग्रॅमच्या हिशेबात मांडला गेला, तेव्हा तेव्हा त्याचे उत्तर चुकले. आणि जेव्हा जेव्हा तो अधिक सूक्ष्मपणे विचारला गेला, म्हणजे कोणते ॲमिनो अम्ल, कोणत्या अन्नाच्या सोबतीने, शरीराला किती ऊर्जा मिळत असताना, आणि पचनाच्या विकरांना, अर्थात एंझाइमांना, किती सुलभ अशा रूपात, असे पुसले गेले, तेव्हा मार्ग दिसू लागला. प्रथिन ही एकच एक राशी नव्हे. ती वीस प्रकारच्या घटकांनी बनलेल्या असंख्य पदार्थांची जात आहे, आणि जीवरसायनशास्त्राने गेल्या दोन शतकांत जे काही सिद्ध केले, त्याचे सार एवढ्या एका वाक्यात सामावते.

ही सिद्धता सावकाश झाली. शतावरीच्या रसातून ॲस्परॅजिन हा पहिला असा घटक १८०६ मध्ये फ्रान्समध्ये वेगळा काढला गेला. १८२० मध्ये ब्राकोनो याने जिलेटिन आम्लात उकळून ग्लायसिन मिळविले. १८३८ मध्ये मुल्डर याने प्रथिनांना त्यांचे आजचे युरोपीय नाव दिले. आणि शरीरातील प्रथिने ज्या वीस ॲमिनो अम्लांनी बनतात त्यांतील शेवटचे, थ्रिओनिन, अमेरिकेत विल्यम रोझ यांना सापडले ते थेट १९३५ च्या सुमारास. म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पोहोचण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. रोझ यांनी पुढे हेही दाखविले की या विसांपैकी काही अम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. आज अशी नऊ मानली जातात : हिस्टिडिन, आयसोल्यूसिन, ल्यूसिन, लायसिन, मेथायोनिन, फिनिलॲलनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन. छापखान्यात मजकूर जुळविणाऱ्याच्या पेटीत इतर सर्व अक्षरांचे खिळे भरपूर असून एखाद्याच अक्षराचे संपले, तर जसे पान तेथेच अडते, तसे या नऊंपैकी एकाची उणीव पडली की प्रथिनाची जुळणी थांबते आणि उरलेली अम्ले जाळण्यापलीकडे शरीराला गत्यंतर नसते. ज्या अम्लाची अशी उणीव पडते, त्याला त्या अन्नाचे मर्यादक अम्ल म्हणतात. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या सर्व तृणधान्यांचे मर्यादक अम्ल लायसिन. कडधान्यांचे मेथायोनिन व त्याच्या जातीचे गंधकयुक्त सिस्टिन. एकाचे न्यून दुसरे भरून काढते, आणि म्हणून वरणभात, पिठले-भाकरी, खिचडी या जोड्या केवळ रुचीच्या नाहीत. आपल्या पूर्वजांना लायसिन ठाऊक नव्हते, परंतु कोणती जोडी अंगाला लागते याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांच्यापाशी होता, आणि त्या अनुभवाला रसायनशास्त्राने दिलेली ही मान्यता मला फार मोलाची वाटते.

अम्लांच्या क्रमाचे महत्त्व किती, हे फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनातील ५१ अम्लांचा अनुक्रम उलगडला तेव्हा जगाला कळले. त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण आपल्या मुलखापुरता पाहावयाचा तर याहून जवळचा दाखला सिकलसेलचा आहे. रक्तातील हिमोग्लोबिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फेरफार. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो निश्चित केला. या एका बदलाने तांबड्या पेशीचा आकार कोयत्यासारखा वाकतो, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. भारतात हा विकार प्रथम आढळला तो म्हैसूरच्या शेजारच्या निलगिरीतील आदिवासींत, १९५२ मध्ये. पुढे काही वर्षांतच नागपूरकडून त्याच्या नोंदी येऊ लागल्या, आणि आज गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आरोग्यकेंद्रांत त्याची तपासणी हा नित्याचा भाग झाला आहे. साखळीतील एका जागी एका अम्लाची चूक आणि तिच्यापोटी आयुष्यभराचे दुखणे, हे ज्याने त्या गावांत पाहिले असेल त्याला ॲमिनो अम्लांचा विषय कधीही केवळ पुस्तकी वाटणार नाही.

आता विकरांकडे वळू, कारण त्यांच्यावाचून पुढील कथेचा अर्थ लागत नाही. मोड आलेल्या सातूच्या अर्कात पिष्टाची साखर करणारा एक पदार्थ असतो, हे १८३३ मध्ये पायेन व पर्सो या दोघा फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी दाखविले. शोधून काढलेले ते पहिले विकर. यीस्टच्या पेशी मारून त्यांचा केवळ रस घेतला तरी त्यात किण्वन होते, हे ब्युख्नर यांनी १८९७ मध्ये सिद्ध केले, आणि जीवनशक्तीच्या गूढ कल्पनेला तेथे पहिला मोठा धक्का बसला. तरीही विकर म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हा वाद चालूच होता. १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी अबईच्या जातीच्या शेंगांतील बियांपासून युरिएज या विकराचे स्फटिक मिळविले आणि ते शुद्ध प्रथिन असल्याचे जाहीर केले, तेव्हा युरोपातील मोठमोठ्या पंडितांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. वीस वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच कार्यासाठी ते नोबेलचे मानकरी झाले. आपल्या रक्तातील कार्बोनिक ॲनहायड्रेज या विकराचा एक रेणू एका सेकंदात कार्बन डायऑक्साइडचे सुमारे दहा लाख रेणू हाताळतो. शरीरातील रासायनिक घडामोडींचा सारा बंदोबस्त अशा विकरांकडे आहे, आणि आपण खाल्लेली प्रथिने फोडून त्यांची अम्ले सुटी करणारे पेप्सिन, ट्रिप्सिन हेही त्यांपैकीच आहेत.

ट्रिप्सिनाचा उल्लेख आला की महाराष्ट्राला ज्यांचा अभिमान वाटावा आणि ज्यांचे नाव अजून घरोघरी पोहोचलेले नाही अशा विदुषीकडे वळणे प्राप्त होते. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, या विख्यात लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. आणि त्या हटल्या नाहीत तेव्हा वर्षभराच्या कसोटीच्या अटीवर तो दिला. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण प्रवेश मिळाल्यावर त्यांनी काय केले हे त्या मानाने क्वचितच सांगितले जाते. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला, म्हणजे ज्या प्रश्नाने पुढे साऱ्या जगाला व्यापले त्या प्रश्नाला त्यांनी तिशीच्या दशकातच हात घातला होता. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवून दिले आणि १९३९ मध्ये अवघ्या चाळीसएक पानांच्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतून दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि अखेरीस मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला.

मुंबईत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेवर केलेल्या कामाला राष्ट्रपतिपदकाचा मान मिळाला. माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत दूरगामी काम कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधकांवरचे होय. कच्च्या डाळींत अशी काही प्रथिने असतात की जी पचनमार्गातील ट्रिप्सिनाला घट्ट बिलगून त्याचे काम बंद पाडतात. कागदावर प्रथिनांचा आकडा भरघोस दिसतो, पण विकरच जखडले गेल्याने त्यातील बराच भाग शरीराच्या पदरी पडत नाही. उष्णतेने हे रोधक बव्हंशी निकामी होतात. भिजविण्याने आणि मोड आणण्याने त्यांचे प्रमाण उतरते. मटकी भिजवून, फडक्यात बांधून, मोड काढून, मग शिजविण्याची आपल्याकडची जी रीत, तिच्यातील प्रत्येक पायरीला असे रासायनिक कारण आहे. ही समजूत भारतीय कडधान्यांसंबंधी प्रयोगाने पक्की करण्यात सोहोनी यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. उत्तरायुष्यात त्या ग्राहक चळवळीत शिरल्या आणि अन्नभेसळीविरुद्ध लिहीत राहिल्या. प्रयोगशाळेतील ज्ञान बाजारापर्यंत नेण्याची तळमळ त्यांना शेवटपर्यंत होती. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा म्हैसूरकडे. पन्नाशीच्या दशकारंभी जगाच्या आरोग्यक्षेत्रात एका शब्दाची दहशत होती : क्वाशिओरकोर. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये १९३३ च्या सुमारास वर्णिलेला हा बालरोग, ज्यात पाय सुजतात, कातडी सोलवटते आणि केसांचा रंग उतरतो, प्रथिनांच्या अभावाने होतो असे मानले गेले, आणि ऊर्जेच्या अभावाने होणारा सुकटीचा रोग त्याहून निराळा ठरविला गेला. या विभागणीवर सारी धोरणे उभी राहिली. चेलुवांबा मॅन्शनमधील शास्त्रज्ञांनी, विशेषतः सुब्रह्मण्यन आणि पोषणतज्ज्ञ डॉ. एम. स्वामिनाथन यांनी (हे कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन नव्हेत), स्वस्त प्रथिनासाठी शेंगदाण्याकडे पाहिले. कारण तेल काढल्यावर उरणारी पेंड या देशात मुबलक होती आणि तिच्यात पन्नास टक्क्यांच्या आसपास प्रथिने होती. शेंगदाण्याचे ७५ भाग पीठ, भाजलेल्या हरभऱ्याचे २५ भाग पीठ, त्यात जीवनसत्त्वे आणि चुना, अशा मिश्रणाला बहुउद्देशीय अन्न असे नाव मिळाले. त्यात सुमारे ४२ टक्के प्रथिने होती. त्यामागून बालाहार आला, शेंगदाण्याचे विलग प्रथिन म्हशीच्या दुधात मिसळून केलेले मिल्टोन आले, आणि म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांना पचेल अशी भुकटी बनविण्याची प्रक्रियाही याच संस्थेने सिद्ध केली; आणंदच्या सहकारी संघाने ती उचलल्याने परदेशी डब्यांवरचे अवलंबन पुष्कळ घटले. ही शेवटची कामगिरी मला निर्विवाद मोठी वाटते. गाईच्या दुधावरच बालकाचे अन्न बनते असे पाश्चात्य कारखानदार छातीठोकपणे सांगत असताना म्हशीच्या दुधातील केसीनचा दही होताना पडणारा घट्ट गोळा मऊ कसा करावा, याचा छडा आपल्या माणसांनी लावला.

शेंगदाण्याच्या पिठाचे नशीब तसे नव्हते. १९६० मध्ये इंग्लंडात हजारो टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, हाती लागले. ज्या पदार्थावर गरीब मुलांच्या पोषणाची सारी भिस्त ठेवली होती, त्याच पदार्थाची प्रत्येक खेप आता संशयाने तपासावी लागली. शिवाय मूल्यमापनाचीही एक गफलत होती. प्रथिनाचा कस ठरविण्याची प्रचलित पद्धत उंदराच्या पिलांवर बेतलेली होती : एक ग्रॅम प्रथिनामागे पिलाचे वजन किती वाढते, ते मोजावयाचे. पण उंदराला अंगावरच्या दाट केसांसाठी गंधकयुक्त अम्ले माणसाहून कितीतरी अधिक लागतात, आणि कडधान्यांत नेमकी तीच कमी. त्यामुळे उंदराच्या तराजूत आपल्या डाळी वर्षानुवर्षे हलक्या भरत आल्या. एका प्राण्याच्या गरजेवरून दुसऱ्याच्या अन्नावर ठपका ठेवला गेला, आणि त्याची दुरुस्ती व्हावयास फार काळ लागला.

इतक्यात १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच येऊ घातलेल्या प्रथिन-अरिष्टाची भाषा होती. मासळीचे पीठ, यीस्ट, शैवाल, खनिज तेलावर वाढविलेले जिवाणू अशा नानाविध स्रोतांतून प्रथिने काढण्याच्या तजविजी सुरू झाल्या. आणि नेमक्या याच क्षणी एका मराठी गणितज्ञाने या सर्व खटाटोपाच्या पायालाच हात घातला.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. जन्म १९११ चा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडनमध्ये. १९५१ पासून दोन दशके रोम येथील अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. साऱ्या जगाच्या अन्नाचा जमाखर्च त्यांच्या दफ्तरात होता, आणि त्या जमाखर्चातूनच त्यांना दिसले की भारतात ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांच्या आहारात मुळात अन्नच कमी पडते. १९७० मधील त्यांच्या निबंधाचे म्हणणे थोडक्यात असे : पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनांची गरज बहुधा आपोआप भागते, पोट अर्धे राहिले तर शरीर खाल्लेले प्रथिनही इंधन म्हणून जाळते, आणि मग वरून कितीही प्रथिनयुक्त भुकटी घातली तरी ती चुलीत घातल्यासारखी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी मुलांच्या प्रत्यक्ष आहाराची पाहणी करून याला दुसऱ्या बाजूने दुजोरा दिला होता : क्वाशिओरकोर आणि सुकटी या दोन्ही रोगांच्या मुलांच्या घरचे अन्न सारखेच होते, प्रथिन आणि ऊर्जा यांच्या प्रमाणात फरक नव्हता. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने प्रौढाच्या प्रथिनांची सुरक्षित मात्रा दर किलो वजनाला ०.५७ ग्रॅमपर्यंत खाली आणली, आणि १९७४ मध्ये डोनल्ड मॅकलॅरेन यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलेल्या लेखात साऱ्या प्रथिन-मोहिमेलाच महान फजितीचे नाव दिले.

सुखात्म्यांचा हा विजय निर्विवाद होता. पुण्यास परतल्यावर त्यांनी मांडलेल्या पुढच्या सिद्धांताविषयी मात्र मला तसे म्हणता येत नाही. माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक आपोआप खालीवर होते आणि ठरावीक मर्यादेत शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते. म्हणून दरडोई २२५० कॅलरींची रेषा आखून तिच्याखालील सर्वांना उपाशी मोजणे चूक आहे, असे ते म्हणू लागले. ती रेषा वापरणारे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर हेही पुण्याचेच; दोघांतील हा वाद ऐंशीच्या दशकारंभी फार वरच्या पातळीवर चालला. पण या सिद्धांताचा आधार घेऊन पुढे परदेशात लहान चणीची पण निरोगी माणसे ही कल्पना प्रसृत झाली, तेव्हा ज्या गोपालनांनी प्रथिनांच्या बाबतीत सुखात्म्यांना बळ दिले होते, त्यांनीच तिच्याविरुद्ध कठोर शब्दांत लिहिले. खुरटलेली वाढ ही जुळवून घेतल्याची नव्हे तर हानीची खूण आहे, हे गोपालनांचे म्हणणे मला अधिक ग्राह्य वाटते.

ग्रॅमच्या हिशेबाची मर्यादा दाखविणारे दोन दाखले खास आपल्या मुलखातले आहेत. ज्वारी हे दख्खनचे मुख्य अन्न. तिच्यावरच गुजराण करणाऱ्यांत उन्हाने कातडी काळवंडून भेगाळणारा पेलाग्रा हा रोग दिसे. मका खाणाऱ्यांत तो ट्रिप्टोफॅनच्या उणिवेने होतो, पण ज्वारीत ते तितके कमी नव्हते. १९६० मध्ये गोपालन व श्रीकांतय्या यांनी असे सुचविले की येथे दोष कमतरतेचा नसून आधिक्याचा आहे : ज्वारीतील ल्यूसिनचे मोठे प्रमाण ट्रिप्टोफॅनपासून नायसिन, म्हणजे ज्याच्या अभावी पेलाग्रा होतो ते जीवनसत्त्व, बनण्याच्या मार्गात अडथळा आणते. हा सिद्धांत सर्वांनी मान्य केला नाही; तथापि एका अम्लाचे वैपुल्यही दुसऱ्याला मारक ठरू शकते, ही दृष्टी त्याने दिली. दुसरा दाखला विदर्भातील लाखोळी डाळीचा. भाताच्या ओल्या बांध्यात बी फेकले की उगवणारे, अवर्षणातही तग धरणारे, आणि तूरडाळीहूनही अधिक प्रथिने देणारे हे पीक. पण महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न झाल्यास पाय कायमचे लुळे पडत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्यातील विषारी ॲमिनो अम्ल वेगळे काढले. ते शरीरातील ग्लुटामिक अम्लाची नक्कल करून चेतापेशींना अतिउत्तेजित करते. प्रथिनांच्या तक्त्यात ही डाळ अग्रभागी बसेल, आणि तरी तिने भंडारा-गोंदियाकडील कित्येक कष्टकऱ्यांना काठीवर आणले. विक्रीवरील बंदी १९६१ ची. महाराष्ट्रात ती पुढे उठली. गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले तर विषाचा बहुतांश निघून जातो, आणि वरचेवर न खाता इतर अन्नासोबत थोडी खाल्ली तर धोका उरत नाही.

येथपर्यंत आल्यावर प्रश्न मिटला असे वाटावे, तर तो पुन्हा जागा झाला, आणि या वेळी अम्लांच्याच भाषेत. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय समितीने प्रौढाची लायसिनची गरज दर किलो वजनाला रोज १२ मिलिग्रॅम धरली होती. अमेरिकेतील व्हर्नन यंग आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुरा कुर्पाड यांनी जड कार्बनाने खूण केलेले ल्यूसिन वापरून, ते शरीरात किती जळते यावरून ही गरज नव्याने मोजली. कुर्पाड यांचे प्रयोग भारतीय पुरुषांवर, भारतीय आहारावर झाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या शिफारशींत लायसिनची गरज ३० मिलिग्रॅमवर गेली, आणि प्रथिनांची सुरक्षित मात्रा ०.८३ ग्रॅमवर. आता हिशेब करून पाहा. ५५ किलो वजनाचा मजूर रोज ४०० ग्रॅम गहू खातो असे धरले, तर त्याला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने मिळतात. नव्या मात्रेप्रमाणेही ती जेमतेम पुरतात. लायसिन मात्र १२५० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. जुन्या हिशेबाने ६६० पुरे होते, नव्या हिशेबाने १६५० हवे. तोच माणूस, तेच अन्न. एका जाबत्यानुसार सुपोषित, दुसऱ्यानुसार उणा. आणि ही उणीव गव्हाचे प्रमाण वाढवून नव्हे, तर ताटात दोन मुठी डाळ वाढवून भरते. सुखात्मे म्हणाले होते ते खोटे ठरले नाही, कारण त्यांच्या ताटात डाळ गृहीत होती. गेल्या काही दशकांत भात-गव्हाला जे प्रोत्साहन मिळाले आणि डाळीचे भाव जे चढत गेले, त्याने ते गृहीतच डळमळले.

म्हैसूरच्या संस्थेचे जे काम मला या साऱ्यांत सर्वांत टिकाऊ वाटते, ते नवलाईच्या भुकटीचे नसून नाचणीच्या मोडांचे आहे. नाचणीत प्रथिने जेमतेम सात टक्के. पण लहान मुलाच्या बाबतीत अडचण निराळीच असते. पिठाची पेज शिजविली की पिष्ट फुगून ती लगेच गोळ्यासारखी घट्ट होते. मुलाला गिळता यावी म्हणून आई पाणी घालीत जाते, आणि वाटीभर पेजेत अन्न उरते चमचाभर. पोट भरते, शरीर भुकेले राहते. डॉ. देसिकाचार आणि डॉ. मल्लेशी यांनी ऐंशीच्या दशकारंभी नाचणी आणि मूग यांना मोड आणून केलेल्या शिशुआहाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. नाचणी रात्रभर भिजवावयाची, ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवावयाची. कोंब फुटतात तसे दाण्यात ॲमिलेज हे विकर तयार होते. मग ती वाळवून, कोंब चोळून काढून, मंद आचेवर सुगंध येईतो भाजून दळावयाची. आच जपावी लागते, कारण अतिभाजणीत विकर मरते. हे पीठ पाण्यात कालवून तापविले की साधारण ६५ अंशांच्या पुढे पिष्ट फुगू लागते आणि त्याच वेळी ॲमिलेज त्याच्या साखळ्या तोडू लागते. घट्ट होऊ पाहणारी पेज पातेल्यातच पातळ होते, चमच्यावरून धारेने ओघळते. तेवढ्याच वाटीत कितीतरी अधिक पीठ मावते. मोडांमुळे मुगातील ट्रिप्सिनरोधक उतरतात, आणि मुगाचे लायसिन नाचणीची बाजू सावरते. ऊर्जा, अम्ल आणि विकर या तिन्हींचा हिशेब येथे एका वाटीत जमतो. पायेन आणि पर्सो यांना १८३३ मध्ये सातूच्या मोडांत जे सापडले तेच हे. आपल्याकडे कोकणात आणि घाटावर नाचणीचे सत्त्व याच रीतीने पूर्वापार होते. म्हैसूरने त्याला मोजमाप दिले, आणि कोणत्याही कारखान्यावाचून ते प्रत्येक अंगणवाडीत करता येईल अशी खात्री दिली.

सार्वजनिक धोरण मात्र अजून धान्याच्या पोत्यापाशीच थांबले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम तांदूळ : त्यात प्रथिने अकरा-बारा ग्रॅम, लायसिन सव्वाचारशे मिलिग्रॅमच्या आसपास. रोजची केवळ तीस ग्रॅम तूरडाळ जवळजवळ तितकेच लायसिन देते. म्हणजे माणशी महिन्याला एक किलोहून कमी डाळ शिधापत्रिकेवर आली, तर शिध्यातून मिळणारे लायसिन जवळजवळ दुप्पट होईल. काही राज्ये मधूनमधून डाळ वाटतात, पण ती सवलत असते, हक्क नसतो. महाराष्ट्र हे तुरीचे आणि हरभऱ्याचे मोठे उत्पादक राज्य आहे. भाव पडले की येथील शेतकरी खरेदीकेंद्राबाहेर रांगा लावतो, आणि त्याच तालुक्यातील शिधावाटप दुकानात डाळ नसते. विधिमंडळाने हा हक्क कायद्याने द्यावा, आणि ज्या वाचकांचे प्रतिनिधी तेथे बसतात त्यांनी तो त्यांच्याकडे मागावा, एवढी माझी विनंती आहे.